उचलून आणलेल्या पाहुण्यांसाठी टाळ्या

नाही नाही, ती फीत आधी पिशवीत ठेवा, मॅडम. मोजमाप काय, होईल नंतर — इमारत कुठे पळून जात नाही, चौतीस वर्षं बघतोय, इंचभर हललेली नाही. आधी मला एवढंच सांगा, पत्र लिहिलं कोणी? … गोपनीय. अच्छा. म्हणजे पत्र माझ्या सभागृहाबद्दल, माझ्या पायऱ्यांबद्दल. ते जाणार तुमच्या कचेरीत, तुम्ही ते घेऊन येणार माझ्याच टेबलासमोर, आणि गोपनीय कोणापासून? — तर माझ्यापासून. छान आहे. बसा, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय निखळलाय — हां, हेही लिहून घेतलंत का? घ्या. लिहा, व्यवस्थापकाच्या खोलीतली एक खुर्ची लंगडी. पाणी घेणार? चहा? काहीच नको? मला ना, पाणीसुद्धा न घेणाऱ्या सरकारी माणसाचा फार संशय येतो. घेणारा परवडला, निदान त्याला तहान लागते हे तरी कळतं.

तुम्हाला वाटत असेल, हा म्हातारा एवढा का घाबरलाय. घाबरलो नाही. मला निवृत्त व्हायला चार महिने राहिलेत, घाबरायचं वय गेलं. पण गोष्ट सरळ आहे — तुम्ही अहवालात 'सर्वांसाठी योग्य' असं लिहिलंत तर इथले कार्यक्रम चालू राहणार, आणि 'अयोग्य' असं लिहिलंत तर पुढच्या पहिल्या तारखेपासून दाराला कुलूप. बरोबर ना? नवा नियम तुमचाच. आणि ते कुलूप लावणार कोण? मीच. चौतीस वर्षं या दारात उभा राहून मी माणसं आत घेतली, तुम्हाला सांगतो एकाला, एकालासुद्धा परत पाठवलं नाही — आणि जाताना माझ्या नावावर शिक्का कोणता बसणार? तर हा बाबा लोकांना आत येऊ देत नव्हता. हे काय एखाद्याचं निवृत्त होणं झालं? म्हणून विचारतोय. कोणाच्या डोळ्यांत मी एवढा खुपतोय, ते कळायला नको?

बाहेरची पाटी वाचलीत ना? 'सर्वांचे स्वागत आहे.' अक्षर माझं आहे. रंगाऱ्याला मी कागदावर काढून दिलं होतं, त्यानं 'स्वागत'मधला 'ग' जरा ढेरपोट्या केला, पण असो. … काय म्हणालात? पाटी अकरा पायऱ्या चढून आल्यावरच दिसते? मग कुठे लावायची, रस्त्यात? आलेल्या माणसाचं स्वागत करायचं असतं, मॅडम. जो खाली उभा आहे त्याचं कसं करणार — तो अजून आलेलाच नसतो. तुम्ही हसू नका. लिहूही नका.

बरं, नाव नका सांगू. तुमची नोकरी तुम्ही सांभाळा. आपण असं करू — नावं मी घेतो, तुम्ही नुसत्या बसा. काही बोलायचं नाही. तुमचा चेहराच मला सांगेल. फुकट्यांचे चेहरे वाचण्यात आयुष्य गेलंय माझं. खिशात पास नसलेला माणूस दहा पावलांवरून ओळखतो मी, तो आधी चपलेकडे बघतो. तर पहिलं नाव — आमचे सेक्रेटरीसाहेब. … पापणी हलली. हलली, हलली, मी बघितलं. सेक्रेटरीच असणार हो. त्यांना माझ्या जागेवर भाच्याला चिकटवायचंय. तो भाचा येऊनही गेला इथे, 'काका, तुमचं टेबल जरा खिडकीकडे असायला हवं होतं नाही?' म्हणाला. मी अजून टेबलाला बसलोय आणि हा त्याची दिशा ठरवतोय! पण नाही… थांबा. सेक्रेटरी पत्र लिहिणार नाहीत. त्यांना चार ओळी लिहायच्या झाल्या तरी मलाच बोलावतात. माझ्याविरुद्धचं पत्र असतं तरी मलाच म्हणाले असते, 'अहो, जरा मसुदा करून द्या.' आणि सवयीनं मी दिलाही असता.

दुसरा — फ्यूज. आमचा दिवेवाला. खरं नाव काय ते पगारपत्रकात असेल, सगळे फ्यूजच म्हणतात, कारण तो कधी उडेल याचा नेम नाही. पत्रात दिव्यांबद्दल काहीतरी आहे म्हणालात ना मघाशी? 'कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच एकदम काळोख होतो, ज्यांना कमी दिसतं त्यांना जागा सापडत नाही' — असंच ना? बघा. हे फ्यूजचं दुखणं आहे. मी त्याला सांगतो, वेळ झाली की घाल काळोख, म्हणजे उशिरा येणाऱ्याला जरा अद्दल घडते. तो म्हणतो, साहेब, हळूहळू मालवू या, माझ्या आईचा पाय अडखळला होता. मी म्हणालो, तुझ्या आईला वेळेवर यायला सांग. तेव्हापासून तो मला पाण्यात पाहतो. … नाही? चेहऱ्यावर काहीच नाही तुमच्या. एकतर फ्यूज नाही, नाहीतर तुम्ही पत्ते फार चांगले खेळत असणार.

मग मास्तर. तिसरे आणि शेवटचे. आमच्याकडे प्रत्येक व्याख्यानाला येणारे निवृत्त मास्तर आहेत, कानानं जवळजवळ गेलेले. व्याख्यान रंगात आलं की मधूनच मोठ्यानं विचारतात, 'काय म्हणाला?' सगळं सभागृह हसतं, वक्त्याचा धागा तुटतो. मला म्हणाले, एक फळा ठेवा, वक्ता बोलेल त्यातलं मुख्य मुख्य कोणीतरी लिहीत जाईल, माझ्यासारखे दहाजण येतील. मी म्हटलं, मास्तर, ही शाळा नाही. पण वाऱ्यावर सोडलं का त्यांना? नाही! पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, थेट स्पीकरच्या कर्ण्यासमोर. आता तुम्हीच सांगा, याहून जास्त कोणी काय करणार? … उरलंसुरलं ऐकू येणंही गेलं म्हणतात त्यांचं. पण ते माझ्याकडून कळलेलं नाही तुम्हाला. आणि मास्तर नाहीतच. मास्तरांनी पत्र लिहिलं असतं तर खाली नाव, पदवी, शाळेचा पत्ता, निवृत्तीची तारीख, सगळं टाकलं असतं, आणि माझ्या पाटीतल्या 'ग'वर एक परिच्छेद वेगळा.

मग राहिलं कोण? तुम्ही असं करा, मला पत्र वाचून दाखवा. नावाची जागा हातानं झाका. ही तर टाइप केलेली नक्कल आहे, अक्षरही कळणार नाही मला. एवढं तरी चालेल ना? … मुद्दे वाचता? मुद्दे वाचा.

'दर्शनी पायऱ्या अकरा. दहा पायऱ्यांची उंची साडेसहा इंच, सहावीची पावणेआठ.' — थांबा, थांबा. सहावीची पावणेआठ? हे कोणी मोजलं? बरोबर आहे, अगदी बरोबर आहे, पण हे इमारतीच्या नकाशातसुद्धा नाही! गवंड्यानं मधली एक पायरी उंच केली आणि सव्वा इंच कोणाच्या लक्षात येणार म्हणून तशीच ठेवली. येणाऱ्याच्या पायाला लागते, डोक्याला कळत नाही. मला माहीत आहे, कारण मी ती वाकून मोजलीय. आणि पत्र लिहिणाऱ्याला माहीत आहे, कारण… कारण तो माझ्यावर पाळत ठेवून असणार. बघा, म्हणजे हा बाहेरचा माणूस नव्हे. आतला आहे. मी म्हणतच होतो.

पुढे. 'ज्यांना चढता येत नाही त्यांना खुर्चीसह उचलून नेलं जातं.' — मग? ही तक्रार आहे? मॅडम, ही आमची परंपरा आहे! दुसऱ्या कुठल्या सभागृहात करतात हे? तिथे म्हणतात, सॉरी, सोय नाही, आणि विषय संपला. आम्ही असं कधीही म्हटलेलं नाही. माणूस खाली आला, पायऱ्या चढता येत नाहीत असं दिसलं, की मी वरून हाक मारतो, चौघं खाली उतरतात — फ्यूज, रंगमंचावरचे दोघं आणि मी. सेक्रेटरींची हातांची खुर्ची नेतो, लाकडी, जड, पण ऐटदार. माणसाला त्याच्या चाकाच्या खुर्चीतून हिच्यात बसवायचं, चौघांनी चार पाय धरायचे, आणि 'एक, दोन' म्हणत वर. पुढचा उजवा पाय माझा, आजतागायत तो मी कोणाला दिलेला नाही. सहाव्या पायरीला मी 'जपून' म्हणतो, बाकीचे तिघं पाय उचलून टाकतात. चाकांची खुर्ची? ती खाली राहते, पहारेकऱ्यापाशी. नाही, वर आणून काय करायची, माणूस तर बसलाय ना ऐटदार खुर्चीत. … तीन तास तिथेच, हो. उठून कुठे जायचंय त्याला?

आणि नुसतं उचलत नाही! मी निवेदकाला आधीच चिठ्ठी देतो. ही बघा, छापूनच ठेवल्यात, गठ्ठा आहे इथे खणात — 'उचलून आणलेल्या पाहुण्यांसाठी जोरदार टाळ्या.' मधल्या वाटेनं खुर्ची चालली की निवेदक हे वाचतो आणि साडेसहाशे माणसं टाळ्या वाजवतात. उभी राहून सुद्धा, एकेकदा. एवढा मान इथल्या मुख्य वक्त्यालाही मिळत नाही, त्याच्या वेळी निम्मे जण खोकत असतात. ही कल्पना कोणाची? माझी. आणि तुम्ही त्या पत्रात लिहिलेलं मला वाचून दाखवताय की — काय? परत वाचा — 'टाळ्या वाजवू नयेत. माणूस कार्यक्रम बघायला आलेला असतो, कार्यक्रम व्हायला नाही.' वाक्य बरं आहे. वाक्य चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. पण कृतघ्न आहे.

पुढचा मुद्दा मला नको. मला माहीत आहे काय असणार — मागचं दार. आहे ना? 'इमारतीच्या मागच्या बाजूला उतार आहे.' आहेच. नाटकवाल्यांसाठी केलाय तो. सामान यावं लागतं ना आत, मोठमोठं — कपाटं, पलंग, जिने, एकदा तर सबंध सोफा आला, तीन माणसांचा, चाकांच्या पाटावर ठेवून एका माणसानं ढकलत थेट रंगमंचापर्यंत आणला, घामसुद्धा नाही आला त्याला. लोण्यासारखा उतार आहे. … का नाही वापरत म्हणजे? अहो, ते सामानाचं दार आहे! शेजारी कचऱ्याचा डबा, वर गळका नळ. तिथून माणसाला आणायचं? सोफा मागून येऊ दे, माणूस पुढून आला पाहिजे, चारचौघांत, मानानं. … हो, सोफा ढकलत येतो आणि माणूस उचलून. तुम्ही ते असं मांडलंत की विचित्र वाटतं. तुम्ही मांडू नका असं.

रुंदी? 'मागच्या दाराची रुंदी सव्वाएकेचाळीस इंच.' अहो, हेही बरोबर! सव्वासुद्धा बरोबर! आता तर मला खात्रीच झाली, माझ्या टेबलाच्या खणातून कोणीतरी माझी टिपणं पळवलीत. कारण हे आकडे या जगात फक्त माझ्याकडे आहेत, मी स्वतः मोजलेत, घरून शिवणाची फीत आणून. आमच्या हिची. शिवणकाम करायची ती, अजूनही करते, बसल्याबसल्या — गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं पाठ आहेत तिला, एखादी नुसती दारावरून गेली तरी म्हणेल, 'ही कमरेत अर्धा इंच वाढली.' तर त्या सोफ्याची गोष्ट मी घरी गंमत म्हणून सांगितली, तर म्हणाली, 'दार किती रुंद आहे हो ते?' मी म्हटलं, मला काय माहीत. म्हणाली, 'मोजून या ना.' दुसऱ्या दिवशी फीत खिशात घालून दिली. मोजलं, सांगितलं. नुसतं 'हं' म्हणाली. तिला फार रस माझ्या कामात. रोज संध्याकाळी घरी गेलो की चहा हातात येतो आणि पहिला प्रश्न, 'आज काय झालं सभागृहात? किती माणसं होती? कोणाला उचललं? मुतारीकडे जायला पायऱ्या किती म्हणालात?' चार म्हटलं, उतरत्या चार. लोकांच्या बायका नवऱ्याच्या नोकरीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालतात. मी याबाबतीत नशीबवान. सहावी पायरीही तिनंच मोजायला लावली. मी म्हटलं, अगं, कशाला? तर म्हणाली, 'सहज. मला आठवतंय, तिथे हिसका बसला होता.'

हिसका म्हणजे… ती येऊन गेलीय ना इथे. एकदाच. आठ वर्षांपूर्वी तिच्या कण्याचं ऑपरेशन झालं, पाय गेले, तेव्हापासून चाकांची खुर्ची. घरात फिरते सफाईनं, दाराच्या चौकटीला एक ओरखडा काढलेला नाही. आणि चार वर्षांपूर्वी माझ्या नोकरीला तीस वर्षं झाली म्हणून इथेच माझा सत्कार झाला. ते भिंतीवरचं घड्याळ त्यात मिळालेलं, पाच मिनिटं पुढे असतं. तर हिला आणायलाच हवं होतं. नको म्हणत होती. मी म्हटलं, अगं, माझा सत्कार आणि तू घरी? लोक काय म्हणतील? आली. नवी साडी शिवून — साडी नव्हे, साडीवरचा ब्लाउज शिवून. आम्ही चौघांनी उचलली. फ्यूजनं त्या दिवशी अंगावर चांगला शर्ट घातला होता, मला आठवतंय. आणि मी — सत्कारमूर्ती असूनसुद्धा, मॅडम, — मी पुढचा उजवा पाय सोडला नाही. निवेदकाला चिठ्ठी दिलेलीच होती. टाळ्या! अशा टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. माझ्या सत्काराला त्याच्या निम्म्याही पडल्या नाहीत, पण मला वाईट वाटलं नाही हां, घरातच राहिल्या ना शेवटी. मी वर रंगमंचावर बसलो, ती चौथ्या रांगेच्या कडेला, त्या हातांच्या खुर्चीत. तीन तास. पाण्याचा पेला कोणी पुढे केला तर हातानं नको म्हणायची. मला वरून दिसत होतं. मला वाटलं, कार्यक्रमात रंगून गेलीय.

त्यानंतर आली नाही. मी बोलावतो, अजूनही बोलावतो — 'चल, गाणं आहे, तुला आवडतं, चौघं तयार आहेत.' म्हणते, 'तुम्ही ऐका आणि मला सांगा.' आणि मी सांगतो. पण गाणं सांगता येत नाही हो. किती माणसं होती ते सांगता येतं.

… काय बघताय माझ्याकडे? घरचं निघालं बोलण्याच्या भरात. हे नका लिहू. याचा आणि पत्राचा काही संबंध नाही. कुठे होतो आपण? हां, टिपणं कोणी पळवली. संबंध आहे तो भाच्याचा. तोच टेबलाभोवती घोटाळत होता. वाचा पुढचं, मी सांगतो तुम्हाला, भाचाच निघणार.

'कार्यक्रमाला यायचं तर सकाळपासून पाणी पिता येत नाही, कारण स्वच्छतागृह चार पायऱ्या खाली आहे आणि तिथे नेण्यासाठी कोणी खुर्ची उचलत नाही.'

…

भाच्याला काय माहीत असणार हे. तो धडधाकट आहे. … सकाळपासून? तीन तासांचा कार्यक्रम, त्याला सकाळपासून कशाला — हां. हां, यायला तास, थांबायला तास. कळलं. कोणीतरी उचलून आणलेल्यांपैकीच असणार मग. तसे किती झाले असतील, वीस-बावीस. नोंद आहे माझ्याकडे, वही काढतो. कोणीतरी टाळ्या घेऊन गेलं आणि घरी जाऊन हे लिहीत बसलं. मला सांगायचं ना तोंडावर! मी काय खाऊन टाकलं असतं? मी ऐकून घेतो सगळ्यांचं. … मास्तरांचंही घेतो. फ्यूजचंही. नाही केलं ते वेगळं, पण ऐकून घेतो.

किती मुद्दे राहिले? दोनच? वाचून टाका, मग मी तुम्हाला स्वतः फिरवून दाखवतो, आणि तुम्ही चांगल्या मनानं काय ते लिहा.

… काय?

परत वाचा. सावकाश.

'उचलून नेत असताना त्या माणसाच्या कानात "हस ना जरा, सगळे बघतायत" असं म्हणू नये.'

हे तुमच्या कचेरीत कोणी घातलंय? टायपिस्टनं? मूळ पत्रात आहे म्हणता. मूळ पत्रात. द्या बघू. … हो, इथे टाइप तर असंच केलंय.

मी कानात म्हटलं होतं, मॅडम. अगदी कानाशी. दारातून आत शिरलो, टाळ्या सुरू झाल्या, समोर फोटोवाला होता आणि ती खाली मान घालून बसलेली, मांडीवरच्या पदराची घडी नीट करत होती, झालेलीच घडी परत परत. मला वाटलं, फोटो बिघडेल. म्हणून वाकून म्हटलं. मागचा पाय धरलेल्या फ्यूजलासुद्धा ऐकू गेलं नसेल एवढ्या टाळ्या होत्या. आणि ती हसली. तुम्हाला दाखवतो फोटो, घरी आहे, चांगली हसलीय…

थांबा. तुम्हाला माहीत होतं. आत आलात तेव्हापासून माहीत होतं. मूळ पत्राखाली नाव असेल, आणि टेबलावर माझ्या नावाची ही पाटी आहे, आडनाव तर एकच. म्हणून पाणी नको आणि चहा नको. आणि मी इथे सेक्रेटरी काय, फ्यूज काय, भाचा काय — तुमची पापणी कशाला हलेल, मी एक नाव कधी घेतो याची तुम्ही वाट बघत होतात आणि ते मी घेतच नव्हतो. एका शब्दानं थांबवलं असतंत मला. … हो. गोपनीय. बरोबर आहे तुमचं.

मला काढून टाकावं, असं लिहिलंय का कुठे? नाही? व्यवस्थापक हेकट आहे, ऐकत नाही, असं काही? एक ओळही नाही? नीट बघा. पाठीमागे बघा. … बरं. मग एवढं सगळं मोजून मापून बाईला हवंय काय? शेवटचा मुद्दा कुठला? इकडे द्या, मी वाचतो. नको, तुम्ही नका वाचू. चष्मा आहे माझा.

'चौथ्या रांगेच्या कडेला चाकांची खुर्ची उभी राहील एवढी जागा सोडावी. त्या जागेला लागून एक साधी खुर्ची असावी. सोबतच्या माणसासाठी.'

साधी खुर्ची.

कशाला? सोबतचा माणूस बसत नाही. चौतीस वर्षांत एका कार्यक्रमाला बसलेला नाही तो, विचारा कोणालाही. दारात उभा असतो, कोण आलं, कोण पास दाखवतंय, कोण चपलेकडे बघतंय. तिला माहीत आहे हे. रोज सांगतो ना मी तिला. सोबतच्या माणसासाठी, म्हणे. नाव नाही, काही नाही.

…

मॅडम, तुम्ही मोजायला सुरुवात करा. जे दिसेल ते लिहा. नाही, मी येत नाही. सगळं बरोबर निघेल, सव्वाएकेचाळीससुद्धा. … नको म्हटलं ना, पाणी नको मला. तुम्ही जा. आणि जाताना तेवढं दार ओढून घ्या.